कलेक्टडी अडकू नये म्हणून

समजा, विजयनगरच्या ऑफिसात मुख्य सर्व्हर आहे आणि सियागंजच्या गोदामातलं मशीन कलेक्टडी या आकडे गोळा करणाऱ्या प्रोग्रॅममार्फत दर १० सेकंदांनी सीपीयू-डिस्कचे आकडे त्याला पाठवतंय. मुख्य सर्व्हरवर कलेक्टडी ५.७.१ किंवा त्याआधीचं असेल, तर यूडीपीचं (कलेक्टडी ज्या साध्या नेटवर्क पद्धतीने आकडे पाठवतं तिचं) एक पॅकेट त्याला लटकवायला पुरेसं आहे. सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीत याचा क्रमांक सीव्हीई-२०१७-७४०१.

होतं असं: मुख्य सर्व्हरच्या कलेक्टडी सेटिंगमध्ये सिक्युरिटीलेव्हल 'नन' आहे (म्हणजे सहीची सक्ती नाही), ऑथफाइल (नावं-पासवर्डची फाइल) दिलेली नाही आणि पासवर्ड वापरून डिजिटल सही केलेलं पॅकेट आलं. सही तपासणारं फंक्शन 'तपासता येत नाही, चालेल' म्हणून परत फिरतं, पण वाचायची जागा पुढे सरकवत नाही. मग तोच तुकडा पुन्हा, पुन्हा, पुन्हा. 'टॉप' कमांडमध्ये कलेक्टडीचा एक थ्रेड १०० टक्के सीपीयूवर दिसतो आणि आलेख सपाट होतात. प्रोसेस मरत नाही, म्हणून सर्व्हिसेस सांभाळणारं सिस्टमडी तिला 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणत राहतं आणि आपोआप रीस्टार्टचा इथे काडीचा उपयोग नाही.

आधी कलेक्टडी अपडेट करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर मेमरीत जुनाच कोड चालत राहील. नुसत्या आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नका. डेबियनसारखे लिनक्सवाले जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती बसवतात, तेव्हा पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) हा सीव्हीई क्रमांक शोधा.

मग सही सुरू करा, पण क्रम सांभाळून. गोदामाच्या मशीनवर आधी सही चालू केलीत आणि मुख्य सर्व्हर अजून जुनाच असला, तर तुमचंच पॅकेट त्याला अडकवेल! म्हणून पहिल्यांदा मुख्य सर्व्हरच्या कलेक्टडी सेटिंगमधल्या 'लिसन' ब्लॉकमध्ये (आकडे घेण्याच्या भागात) ऑथफाइल द्या. तिच्यात दर ओळीला एक नाव, कोलन, पासवर्ड. वाचायची परवानगी फक्त रूटला. लेव्हल तूर्त 'नन'च राहू द्या. मग गोदामाच्या मशीनवरच्या 'सर्व्हर' ब्लॉकमध्ये (आकडे पाठवण्याच्या भागात) लेव्हल 'साइन', युजरनेम आणि पासवर्ड भरा. आकडे येताहेत हे पाहिलं की मुख्य सर्व्हरवरही 'साइन' करा. आकडे इंटरनेटवरून जात असतील तर दोन्हीकडे 'एन्क्रिप्ट' बरं.

फायरवॉलमध्ये २५८२६ हा यूडीपी पोर्ट फक्त गोदामाच्या पत्त्याला उघडा ठेवा. तेवढ्यावर मात्र विसंबू नका, यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा टाकता येतो.

शेवटी, दुसऱ्या मशीनवरच्या क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) दर ५ मिनिटांनी आरआरडी फाइल (जिच्यात मुख्य सर्व्हर आलेले आकडे साठवतो) शेवटची कधी बदलली ते तपासा. इशाऱ्याची मर्यादा १० मिनिटांची ठेवा; लिहिण्याआधी आकडे कॅशमध्ये थांबतात, त्यामुळे १ मिनिटाची ठेवलीत तर उगाच रात्री-बेरात्री फोन वाजेल.