वानरांच्या शेजारात राहताना : डोंगरपायथ्याच्या घरांसाठी मार्गदर्शन

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना लागणारा अंजनेरी डोंगर हनुमानाचे जन्मस्थान मानला जातो. त्यामुळे अंजनेरीच्या पायथ्याला, ब्रह्मगिरीच्या परिसरात किंवा वणीच्या सप्तशृंगगडावर माकडावर हात उगारायला सहसा कोणी धजावत नाही. ही सहनशीलता खरी आहे, पण तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. शनिवारी गाडी थांबवून केळी वाटणारा भाविक संध्याकाळी आपल्या घरी परततो, आणि त्या केळ्यांवर सोकावलेली टोळी मात्र पायथ्याच्या घरांची कौले उचकटत राहते. पुढील सूचना प्रामुख्याने अशा घरांतील लोकांसाठी आहेत.

आपल्या छपरावर येणारा प्राणी कोणता, हे आधी नीट पाहावे. काळ्या तोंडाचे, राखाडी अंगाचे, लांब शेपटीचे वानर मुख्यतः पाला, कोवळे कोंब, फुले आणि शेंगांवर जगते. त्याच्या जठरात कप्पे असून तेथील सूक्ष्मजीव पाला आंबवून पचवतात, त्यामुळे बिस्किटे व फरसाण त्याला मानवत नाहीत. लालसर तोंडाचे, लहान चणीचे माकड मात्र जवळजवळ काहीही खाते. त्याच्या गालांत पिशव्या असतात; हाती लागलेले फुटाणे ते आधी भराभर गालांत कोंबते, दूर पत्र्यावर जाऊन बसते आणि मग हाताची मागची बाजू गालावर दाबून एकेक दाणा दातांखाली आणते. म्हणून माकडाला हाकलण्यापूर्वीच त्याची चोरी पूर्ण झालेली असते, हे लक्षात घेऊन बंदोबस्त आधी करावा लागतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हाताने खायला देणे पूर्णपणे थांबवणे. माणसाच्या हातात किंवा पिशवीत खाणे असते हे एकदा कळले की टोळीतील पिल्ले तेच पाहत मोठी होतात, आणि पुढे शाळेतून येणाऱ्या मुलाच्या हातातील प्लास्टिकची पिशवी नुसती सळसळली तरी झडप पडते. एका घराने देणे थांबवले आणि शेजारच्याने चालू ठेवले, तर उपयोग होत नाही. म्हणून हा निर्णय ग्रामसभेत व्हावा आणि पायथ्याच्या दुकानदारांना त्यात आवर्जून सामील करून घ्यावे, कारण माकडांसाठी म्हणून फुटाण्याच्या पुड्या विकणे थांबले की निम्मे काम झाले. ज्यांना श्रद्धेने काही अर्पण करायचे आहे, त्यांनी ते मारुतीपुढे ठेवून माणसांत प्रसाद म्हणून वाटावे. त्याने भक्तीत काही उणे येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. 2026-27 च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी लोटणारी गर्दी ध्यानात घेता ही शिस्त आणि उष्ट्या अन्नाची रोजची विल्हेवाट आत्तापासूनच लागलेली बरी.

घरात शिरण्याच्या वाटा बंद करणे तुलनेने सोपे आहे. खिडक्यांना जाड तारेची जाळी बसवावी, सरकत्या काचांना कडी लावावी, आणि गच्चीवरील टाकीचे झाकण तारेने किंवा बोल्टने पक्के करावे. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे यांचे वाळवण गच्चीवर पसरून वर जुनी साडी टाकणे पुरेसे नाही. चारही बाजूंनी जाळी ठोकलेली लाकडी चौकट एकदा करून घेतली की ती अनेक वर्षे कामी येते. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, परंतु वानराची उडी लांब असते, तेव्हा केवळ छाटणीवर विसंबू नये.

समोरासमोर गाठ पडल्यास डोळ्यांत रोखून पाहू नये आणि दात दिसतील असे हसू नये, कारण त्यांना ते आव्हान वाटू शकते. पळू नये, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरावे. पोटाशी पिल्लू धरलेली मादी आणि तिची टोळी यांच्या मध्ये उभे राहू नये. हुप्या चवताळून अंगावर आलाच, तर ओढाताण न करता पिशवी सोडून द्यावी. एरवी हाकलताना काठी जमिनीवर आपटावी किंवा नळीने पाणी मारावे. गलोलीने जखमी करणे क्रूरपणाचे तर आहेच, शिवाय वानराला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण असल्याने तो गुन्हाही ठरतो. फटाक्यांना टोळी चार दिवसांत सरावते.

शेतात राखण करायची तर वेळ साधावी लागते. वानरे दिवसा चरतात आणि अंधार पडण्यापूर्वी झाडांवर परततात, त्यामुळे मका, हरभरा किंवा टोमॅटोच्या शेतात टोळी उतरण्यापूर्वी माणूस हजर हवा. शेजारच्या बांधावरही त्याच वेळी कोणी असावे, अन्यथा त्रास केवळ एका रानातून दुसऱ्या रानात जातो. नुकसान झाल्यास त्याच दिवशी छायाचित्रे काढून, सातबारा उताऱ्यासह वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यावा आणि पंचनामा होईपर्यंत पीक तसेच ठेवावे.

चावा किंवा ओरखडा किरकोळ वाटला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीज प्रतिबंधक लस सुरू करावी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात.

विजेच्या तारेने भाजलेले वा पिसाळल्यासारखे वागणारे जनावर दिसले, तर जवळ न जाता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. संपूर्ण टोळी पकडून दूर सोडण्याची मागणी मात्र विचारपूर्वक करावी : खाणे तसेच मिळत राहिले तर मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी टोळी येते, आणि सोडलेली टोळी ज्या गावाजवळ उतरते त्या गावाला तिची काहीच सवय नसते.