म्हाताऱ्या कुत्र्याला घर मिळेपर्यंत: सोलापुरात फोस्टर करणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा: या कुत्र्याला उचलायची खरंच गरज आहे का? गल्लीत आठ-दहा वर्षं काढलेलं, चार घरची भाकरी खाणारं, नसबंदी झालेलं कुत्रं केवळ म्हातारं दिसतंय म्हणून घरात आणू नका. ती गल्लीच त्याचं घर आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही नसबंदीनंतर कुत्र्याला मूळ जागीच परत सोडायला सांगितलंय. फोस्टरची, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरत्या सांभाळाची, गरज असते ती परत जायला जागाच न उरलेल्या कुत्र्याला. कुणाचे मालक वारलेले असतात, कुणाला घर बदलताना मागं ठेवलेलं असतं, कुणाला हायवेला गाडीतून उतरवलेलं असतं.

हो म्हणण्याआधी घरात बसून ठरवून घ्या की औषधांचा खर्च कोण देणार, रात्री दोनला डॉक्टरकडे कोण नेणार आणि घरमालकाला किंवा सोसायटीला काय सांगणार. पिल्लाला घर लवकर मिळतं, म्हाताऱ्याला वेळ लागतो. चार-सहा महिने धरूनच चला.

खोली आणि पहिले तीन दिवस

घरात दुसरं कुत्रं-मांजर असेल तर नव्या पाहुण्याला १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. भांडी वेगळी, पट्टा वेगळा. फरशीकडे नीट बघा. खरखरीत शहाबादी फरशीवर म्हातारं कुत्रं चांगलं चालतं, गुळगुळीत टाईल्सवर त्याचे मागचे पाय फाकतात. एकदोनदा पडलं की ते उठायलाच घाबरतं आणि घरचे म्हणतात, "आळशी आहे." खाटेपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत रबरी पायपुसण्यांची सलग वाट करून द्या. पंजाखालचे वाढलेले केस आणि नखं कापली की अर्धी घसरण तिथंच थांबते.

अंथरुणाला जुनी सोलापुरी चादर उत्तम. चार पदरी घडी घाला, खाली जाड गोणपाट टाका. नुसती चादर टाईल्सवर सरकते. टेरी टॉवेल मात्र नको, त्याच्या वेढ्यांत वाढलेली नखं अडकतात आणि कुत्रं झटका देऊन नख उपटून घेतं.

पळून जाण्याचा सगळ्यात जास्त धोका पहिल्या तीन दिवसांतच असतो. देशी कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, त्यामुळं साधा पट्टा मागं खेचला की निसटतो. छातीचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा, दोन्हीला वेगवेगळी दोरी लावा. रिक्षातून उतरताना आधी दोऱ्या हाताला गुंडाळा, मग कुत्रं खाली घ्या. या तीन दिवसांत अंघोळ नाही, पाहुणे नाहीत, कुशीत घेऊन फोटो नाहीत.

डॉक्टरकडे काय मागायचं

पहिल्या ४८ तासांत तपासणी करून घ्या, जिल्हा पशुसर्वचिकित्सालयात किंवा खासगीत. आधी वजन, कारण प्रत्येक औषध वजनावर ठरतं. रक्ताची पूर्ण तपासणी प्लेटलेटसह, किडनी, लिव्हर, साखर आणि लघवी. दात बघायला सांगा. खाणं सोडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडात बरेचदा एक सडलेली दाढ निघते. जुनी कागदपत्रं नसतील तर लस झालेलीच नाही असं समजायचं. जंताच्या नेहमीच्या गोळीचं प्रमाण १० किलोला एक, १५ दिवसांनी पुन्हा.

मादीची नसबंदी झालेली नसेल तर गर्भाशयात पू होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. माजावर येऊन गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ती अचानक खूप पाणी पिऊ लागली, पोट फुगलं, खालून स्राव दिसला, तर सकाळची वाट बघू नका. लघवीच्या जागेतून थेंब थेंब रक्त येत असेल तर नर असो वा मादी, संसर्गानं होणारी गाठ असू शकते. ऐकायला भयंकर वाटते, पण आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी ती बहुतेक कुत्र्यांत पूर्ण बरी होते.

गोचीडतापाबद्दल थोडं सविस्तर. हिरड्या फिकट, नाकातून रक्त, ताप, प्लेटलेट कमी, ही त्याची लक्षणं. डॉक्टर साधारणपणे डॉक्सिसायक्लिन २८ दिवस देतात. पाचव्या दिवशी कुत्रं शेपूट हलवत जेवायला लागतं आणि लोक गोळ्या थांबवतात. मग महिन्याभरात आजार पुन्हा डोकं वर काढतो. गोळी नेहमी जेवणासोबत, वरून पाणी पाजून, नाहीतर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते. पनीर-दह्यात लपवू नका, कॅल्शियमनं औषधाचा जोर कमी होतो. उकडलेल्या चिकनचा तुकडा बरा. गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढून काढा. रॉकेल आणि फिनेल कुत्र्याच्या अंगाला लावू नका, फरशीलाही फिनेल नको. लघवीचा वास घालवायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं पुरतं.

माणसांची वेदनाशामक गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन वगैरे, अर्धीसुद्धा द्यायची नाही. आणि तुम्हाला दात लागलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठा, जखम कितीही छोटी असो.

खाणं-पाणी

१५ किलोच्या, फारशा न हिंडणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६५० कॅलरी लागतात. म्हणजे शिजवलेला भात २५० ग्रॅम, उकडलेलं बिनहाडाचं चिकन १५० ग्रॅम, लाल भोपळा ७५ ग्रॅम, तेल एक छोटा चमचा. हे दोन वेळांत वाटून. महिन्याहून जास्त घरचं खाणं चालणार असेल तर कॅल्शियमचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि किडनी कमजोर असेल तर सगळाच आहार. उपाशी राहून खंगलेल्या कुत्र्याला पहिल्या दिवशी पोटभर वाढणं धोक्याचं असतं. थोडं थोडं चार वेळा द्या, पूर्ण मापावर यायला आठवडा घ्या. ज्वारीची भाकरी चालते, पण ताजी आणि पाण्यात भिजवून. कडक भाकरी म्हाताऱ्या हिरड्या सोलते. शेंगा चटणीचं बोट लावून देऊ नका, तिच्यात लसूण आणि मीठ दोन्ही आहे. कांदा, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडंही बंद.

पाणी मोजून ठेवा. किलोला ५० ते ६० मिली नेहमीचं, म्हणजे १५ किलोला पाऊण ते एक लिटर. सावलीत, गार दिवशीही दीड लिटरच्या वर जात असेल तर किडनी किंवा साखरेची शंका घ्यायची. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून त्याच्या पिण्याची झाकणाची कळशी वेगळी भरून ठेवा.

एप्रिल-मेमध्ये फेरी सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर परत फिरा. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले की साधं पाणी अंगावर ओतत पंख्याखाली घ्या आणि लगेच डॉक्टरकडे निघा. बर्फाचं पाणी नको. ताप १०३ फॅरनहाइटवर उतरला की ओतणं थांबवा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेतल्या होम मैदानावरच्या दारूकामाचा आवाज लांबवर जातो. जवळपास राहत असाल तर त्या रात्री खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू, आणि फेरी अंधार पडायच्या आत उरका.

वही

पिल्लाला घर देणारा माणूस कल्पनेवर भुलतो. म्हाताऱ्याला घर देणाऱ्याला मात्र नेमकं कळायला हवं की कोण येतंय. ते शोधून लिहून ठेवणं, हेच फोस्टरचं खरं काम. शंभर पानी वही घ्या आणि रोज चार ओळी लिहा: किती खाल्लं, किती प्यायलं, शी-शू कधी, झोपेत मिनिटाला श्वास किती. श्वास सतत ३० च्या वर जात असतील तर डॉक्टरांना तो आकडा सांगा.

मग स्वभाव. कुणाला बघून मागं सरतं? हेल्मेटवाल्याला, काठीवाल्या आजोबांना, लहान मुलांना? जेवताना जवळ गेलं तर गुरगुरतं का? एकटं ठेवलं तर किती मिनिटांनी रडतं? ऐकू न येणाऱ्याला मागून हात लावू नका, जमिनीवर पाय आपटून थरथर पोचवा. दिसत नसलेल्याच्या खोलीतलं सामान हलवू नका. दिवसा झोपून रात्रभर येरझाऱ्या घालणारं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहणारं कुत्रं हट्टी नसतं. म्हातारपणाचा मेंदूचा आजार असू शकतो. तेही लिहा, डॉक्टरांना दाखवा, रात्री झिरोचा दिवा लावून ठेवा.

भाषाही तपासा. "ये", "बस" ला कुत्रं कान हलवत नसेल तर ते बहिरं आहे असं लगेच ठरवू नका. पूर्व भागातल्या तेलुगू घरातलं असेल तर "रा" आणि "कूर्चो" म्हणून बघा, कन्नड घरातलं असेल तर "बा". उर्दू-हिंदी "आजा", "बैठ" सुद्धा. आठवडाभर भिंतीकडं तोंड करून पडलेलं कुत्रं ओळखीच्या एका शब्दाला मान वळवून बघतं. तो शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

घर शोधताना

जाहिरातीत वय लपवू नका. "अंदाजे दहा वर्षं, १६ किलो, नसबंदी आणि लस झालेली, सांधेदुखीची गोळी चालू, महिन्याचा खर्च इतका, जिना चढत नाही, मांजर चालत नाही" असं स्पष्ट लिहा. फोन कमी येतील, पण येतील ते कामाचे. फोटो सकाळच्या उन्हात, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. निवृत्त जोडपी आणि घरून काम करणारे यांच्याकडं म्हातारी कुत्री छान रमतात. गच्चीवर बांधायला, शेतावर राखणीला मागणाऱ्यांना सरळ नाही म्हणा.

घर बघायला जाच. घरातल्या प्रत्येकाला भेटा, फरशी आणि जिने बघा. १५ दिवस चाचणीचे ठेवा आणि जमलं नाही तर कुत्रं तुमच्याकडंच परत येईल असं लेखी घ्या. देताना वहीची प्रत, केस पेपर, दहा दिवसांची औषधं, चार दिवसांचं तेच खाणं आणि न धुतलेली चादर द्या. तिचा वास नव्या घरात त्याला झोपवतो.

पहिला आठवडा रोज एक फोन करा, खाल्लं का आणि झोपलं का एवढंच विचारा. भेटायला मात्र महिनाभर जाऊ नका, कारण तुम्ही निघालात की ते पुन्हा दाराकडं तोंड करून बसतं.