बाईचं चित्र बघताना आधी खांदा बघा

तीस वर्षं डोंबिवलीत ब्लाउज शिवले. चित्रांतलं आपल्याला काही कळत नाही असंच धरून चालले होते. न्यू जर्सीला लेकीकडे गेले तेव्हा तिने न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये नेलं आणि जवळजवळ सात फुटी 'मॅडम एक्स' या बाईच्या चित्रासमोर मी अडकलेच. तिथे जे सुचलं ते सांगते.

पाटी आधी वाचू नका. गिऱ्हाईक दारात आलं की नाव विचारायच्या आधी आपली नजर खांद्यावर जाते ना, तसंच इथे. मग बघा, कपडा अंगावर टिकलाय कशाच्या जोरावर? इथे वर काळी मखमल, खाली साटीनचा घोळ, आणि खांद्यावर नुसते खड्यांचे बारीक पट्टे. एवढं ओझं त्या पट्ट्यांना पेलणार? छे. सगळा जोर आत शिवलेल्या ताठ काड्यांवर. मी बोटाने हवेत टक्स मोजत होते, तर लेक म्हणाली, "आई, गार्ड बघतोय."

गंमत पुढेच आहे. चित्रकार जॉन सिंगर सार्जंटने 1884 साली पॅरिसच्या सॅलॉनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, हे चित्र लावलं तेव्हा उजवा पट्टा दंडावर घसरलेला होता. केवढा गहजब झाला! शेवटी त्याने तो पुन्हा रंगवून खांद्यावर चढवला. आता शिवणारीचं ऐका: पट्टा घसरला म्हणून तो ड्रेस तसूभरही हलला नसता. पुढचं सगळं बघणाऱ्यांनी मनातल्या मनात रंगवलं.

मग तिच्यासारखं उभं राहून बघा. अंग समोर, मान पार बाजूला, उजवा हात पिळून मागे टेबलावर. मी घरी येऊन ओट्यापाशी करून पाहिलं, मिनिटभरात कोपर भरून आलं. बाई निवांत उभी नाहीये, मेहनत करतेय.

रंगही तपासा. अंग पावडरीने पांढरंफटक, पण कान लाल. लग्नात मेकअपवालीकडून मान राहून जाते, तसा हा कान राहिलाय. केसांत चंद्रकोर आहे, ती शिकारीच्या देवीची, डायनाची खूण. मंगळसूत्र शोधावं तशी मी अंगठी शोधली. डाव्या हातात आहे.

आता पाटी वाचा. व्हर्जिनी गोत्रो, जन्म अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा, नवरा फ्रेंच बँकर. सॅलॉनमध्ये नावाच्या जागी नुसत्या चांदण्या होत्या, तरी पॅरिसने ओळखलंच. चित्र काढून घ्या म्हणून तिच्या आईने सार्जंटची विनवणी केली होती. व्हर्जिनी वारल्यावर, 1916 साली, त्याने ते मेटला विकलं आणि तिचं नाव झाकून ठेवायला सांगितलं.

सराव घरच्या फोटोंवर करा. आईच्या लग्नाआधीच्या स्टुडिओतल्या फोटोत पदराखाली, डाव्या खांद्याशी एक सेफ्टी पिन मला परवा पहिल्यांदा दिसली. ब्लाउज मावशीचा असणार. मावशी अंगाने भरलेली होती.