शॉकअपचं सील बदलायला बसण्याआधी

पुढच्या शॉकअपच्या पाईपवर तेलाची रिंग दिसली की लगेच गाडी खोलायला बसू नका, आधी ती नीट पुसून घ्या, डस्ट सील (वरचं धूळ अडवणारं रबर) वर सरकवा आणि एखाद्या जाड प्लास्टिकच्या पट्टीने (कोल्ड्रिंकची बाटली कापून चालते) सीलच्या ओठाखाली हळूच फिरवून अडकलेली माती काढा, कारण कितीतरी वेळा सील चांगलं असतं, फक्त खडा अडकलेला असतो. दोन दिवस चालवून बघा, परत गळलं तर मग पुढचं. आणि पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे केल्यावर हँडलखाली दोन्ही पाईप धरणाऱ्या टी-पाशी टक टक होत असेल तर तो बहुतेक कोनसेट (हँडलचं बेअरिंग) आहे, सील बदलून ते जाणार नाही. तेल डिस्कवर किंवा पॅडवर उतरलं असेल तर मात्र दोन दिवस वगैरे काही नाही, गाडी चालवूच नका.

आता सामान. सील दोन्ही बाजूंची घ्यायची, एकच गळत असलं तरी, आणि दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही, एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत पाईपची जाडी बदललेली असते, जसं पल्सर १५० ची साधी ३१ मिलीमीटरची आणि ट्विन डिस्कची ३७ ची. जुन्या सीलवर साईज छापलेली असते, पण ती कळते गाडी खोलल्यावर, म्हणून आरसी सोबत न्या. सोबत डस्ट सील आणि बॉटमच्या एलन बोल्टचे तांब्याचे वायसर. हे वायसर मी पहिल्यांदा विसरलो होतो, जुनेच लावले, सकाळी पार्किंगमध्ये तेलाचं थारोळं. दहा-वीस रुपयांचा माल आणि सगळं परत खोला!

फोर्क ऑइल (शॉकअपमधलं तेल) ग्रेड आणि मिली दोन्ही मॅन्युअलमध्ये बघून, आणि मोजायला औषधाची मोठी सिरिंज, अंदाजाने ओतू नका कारण दोन्ही बाजूंच्या शॉकअपमध्ये सारखंच हवं. आकडा आकड्यासारखाच पाळायचा, जास्त तेल घातल्याने गाडी मऊ होत नाही, उलट आतली हवेची जागा कमी होऊन खड्ड्यात कडक लागते.

हत्यारांत पाने, लांब एलन की, सर्कलिपसाठी (सील जागेवर धरणारी तारेची रिंग) बारीक स्क्रू ड्रायव्हर, पाईपवर सरकेल असा पीव्हीसीचा तुकडा नवीन सील ठोकून बसवायला, चिंध्या, जुनं तेल धरायला डबा (गटारात नाही, गॅरेजवाला घेतो). गाडी मेन स्टँडवर आणि इंजिनखाली जॅक किंवा लाकडी ठोकळा, पुढचं चाक हवेत हवं. कॅलिपर काढलं की पॅडमध्ये एक लाकडी चिपाट सरकवून ठेवा, घरातलं कोणीतरी येऊन लिव्हर दाबतंच.

वरचं कॅप नट पाईप टीमध्ये असतानाच सैल करायचं, त्याआधी टीचा वरचा बोल्ट ढिला करायचा, नाहीतर बाहेर काढल्यावर ते नट धरायला काहीच उरत नाही. खालचा एलन बोल्टपण स्प्रिंग आत दाबलेली असतानाच, नाहीतर तो जागच्या जागी फिरत बसतो. कॅप पूर्ण उघडताना तोंड बाजूला, आत स्प्रिंग आहे.

पाईप काचेवर लोळवून बघा, डुलला तर वाकलाय. गंजाचे ठिपके बोटाला लागत असतील तर बारीक पॉलिश पेपर मारा, कोकणातल्या गाड्यांना हे हमखास निघतं, पण खोल खड्डा असेल तर नवीन सील पण तोच फाडणार, पाईपच बदला. नवीन सील घालताना पाईपच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तेल लावा म्हणजे ओठ कापत नाही.

चाक लावल्यावर ॲक्सल घट्ट करा, मग गाडी खाली उतरवून शॉकअप पाच-सहा वेळा दाबा आणि त्यानंतरच ॲक्सलचा पिंच बोल्ट (ॲक्सल आवळून धरणारा) असेल तर तो टाईट करा. निघायच्या आधी ब्रेक लिव्हर कडक होईपर्यंत पंप करायला विसरू नका, चिपाट काढल्यावर पहिल्या दाबाला ती बऱ्याचदा ग्रिपला टेकते.