चढावर डिझेल गाडीचे इंजिन तापते तेव्हा : कारण शोधण्याची पद्धत

सपाट रस्त्यावर तासन्‌तास व्यवस्थित चालणाऱ्या डिझेल गाडीचा तापमानाचा काटा लांब चढ लागला की वर सरकू लागतो आणि माथा ओलांडताच खाली येतो, तेव्हा दोष चढाचा नसतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची ताकद आधीच घटलेली असते आणि सपाटीवर ती उणीव झाकली जात असते. चढावर इंजिन जास्त इंधन जाळते, म्हणजे जास्त उष्णता निर्माण करते. वेग मात्र कमी असल्यामुळे रेडिएटरवर समोरून येणारा वारा कमी पडतो. त्यातच समुद्रसपाटीपासून दर १००० मीटर उंचीमागे हवा साधारण १० टक्क्यांनी विरळ होते, त्यामुळे तेवढाच वारा कमी उष्णता उचलतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की राखीव क्षमता संपते. त्यामुळे एकामागून एक भाग बदलत बसण्यापेक्षा उष्णता नेमकी कोठे अडते आहे, हे आधी ठरवावे.

गाडी चढावर तापली असेल तर आधी तिला सांभाळावे. एसी बंद करावा, हीटर पूर्ण उष्णतेवर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवावा, कारण हीटरचा गाभा हा एक छोटा रेडिएटरच असतो. खालचा गिअर टाकून अॅक्सिलरेटर हलका करावा. काटा लाल पट्ट्याच्या खाली आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) शाबूत असेल तर सुरक्षित जागी थांबून इंजिन काही मिनिटे नुसते चालू ठेवणे बरे, कारण त्यामुळे पंप आणि पंखा काम करत राहतात व टर्बोही थंड होतो. काटा लाल पट्ट्यात गेला असेल किंवा कूलंट बाहेर पडून गेले असेल तर इंजिन लगेच बंद करावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे किंवा कूलंटच्या बाटलीचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतले कूलंट दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच ते उकळत बाहेर फेकले जाते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतल्यास हेडला (सिलिंडरांवर बसणाऱ्या धातूच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

आधी निरीक्षण, मग पाना

निदानाचा अर्धा भाग चालवतानाच होतो. काटा वर जातो त्या वेळी गिअर कोणता होता, इंजिनाचे फेरे किती होते, भार किती होता आणि चढ सुरू झाल्यावर किती वेळाने हे झाले, याची नोंद करावी. पुष्कळ गाड्यांमध्ये काटा मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा बसवलेला असतो आणि तापमान बरेच वाढल्यावरच तो हलतो, म्हणून शक्य असल्यास निदान यंत्र जोडून प्रत्यक्ष अंश वाचावेत. बहुतेक थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागतात. चढावर तापमान त्याहून थोडे वर जाऊन स्थिरावणे स्वाभाविक आहे, परंतु ते न थांबता वाढत राहणे हे बिघाडाचे लक्षण आहे. कूलंटची पातळी इतकी खाली गेली असेल की सेन्सर कोरडा पडला, तर काटा उलट कमी तापमान दाखवतो, हेही ध्यानात ठेवावे.

गाडी केवळ संथ चढावर आणि वाहतुकीच्या कोंडीत तापत असेल, पण मोकळ्या रस्त्यावर वेगात निवत असेल, तर संशय पंख्यावर व हवेच्या वाटेवर घ्यावा. चढाबरोबरच सपाट महामार्गावर वेगातही तापत असेल, तर कूलंटचा प्रवाह अपुरा आहे: रेडिएटर आतून तुंबला आहे, वॉटर पंप कमकुवत आहे किंवा होज पाइप आत ओढला जातो आहे. काटा एकाएकी उडी घेत असेल आणि बाटलीतून कूलंट बाहेर येत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

थंड इंजिनावर करावयाची तपासणी

पूर्ण थंड झालेल्या इंजिनात पातळी पाहावी आणि झाकणाच्या रबराची सील व स्प्रिंग नीट तपासावी. झाकणाकडे फार दुर्लक्ष होते. साधारण १ बार दाब धरणारे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू जवळजवळ २० अंशांनी वाढवते. उलट उघड्या हवेत दर ३०० मीटर उंचीमागे तो सुमारे एका अंशाने घटतो. म्हणजे १५०० मीटर उंचीवर दाब न धरणाऱ्या झाकणाखालचे साधे पाणी ९५ अंशांवर उकळते, जे कित्येक इंजिनांचे चढावरील नेहमीचे तापमान आहे. अशी गाडी खालच्या प्रदेशात निर्दोष वाटते. झाकण आणि संपूर्ण यंत्रणा हातपंपाच्या दाबमापकाने तपासता येते. दाब काही मिनिटांत उतरला तर गळती शोधावी. कूलंटऐवजी साधे पाणी भरलेले असेल तर तेही कारण समजावे, कारण ते लवकर उकळते आणि आत गंज व क्षार साठवते.

त्यानंतर बॅटरीच्या प्रकाशात रेडिएटरच्या पात्यांमधून आरपार पाहावे. एसीचा कंडेन्सर आणि इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे बसवलेले असल्यास चिखल, किडे आणि गवत या थरांच्या मधल्या फटीत साचतात आणि समोरून काहीच दिसत नाही. ही घाण काढण्यासाठी जाळ्या सुट्या करून मागून पुढे, कमी दाबाने पाणी सोडावे. जास्त दाबाने पाती वाकतात आणि हवेची वाट आणखी बंद होते.

पंख्याची चाचणी त्याच्या प्रकारानुसार करावी. व्हिस्कस क्लचचा (घट्ट तेलाच्या साहाय्याने इंजिनाशी जोडला जाणारा) पंखा असल्यास, गाडी चांगली तापल्यावर इंजिन बंद करून आणि चावी काढून तो हाताने फिरवावा. स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. तो सहज गरगर फिरत राहिला, किंवा मध्यभागी तेलाचे ओघळ दिसले, तर क्लचमधील सिलिकॉन तेल गेले आहे. शाबूत क्लच चढावर लागला की पंख्याची घरघर वाढलेली ऐकू येते आणि ती कधीच ऐकू येत नसेल तर ते पुरेसे सूचक आहे. विजेच्या पंख्याच्या बाबतीत एसी सुरू करून तो फिरतो का आणि तापमान वाढल्यावर दुसऱ्या, जास्त वेगावर जातो का, हे दोन्ही पाहावे. पहिला वेग चालू असूनही दुसऱ्या वेगाचा रिले किंवा रेझिस्टर जळालेला असणे नेहमीचे आहे. हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात दूर ठेवावेत. पट्ट्याने चालणाऱ्या पंपाचा पट्टा सैल किंवा चकाकलेला असेल तर तो भाराखाली घसरतो.

प्रवाह आणि वारा यांतला फरक ओळखणे

थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला असताना रेडिएटरच्या वरच्या व खालच्या होज पाइपचे तापमान मोजावे. इंजिन तापलेले असूनही दोन्हींत फरक फार कमी असेल, तर कूलंट फिरते आहे पण उष्णता हवेला मिळत नाही: दोष पंखा किंवा पाती यांच्याकडे आहे. फरक फार मोठा असेल, तर कूलंट अगदी मंद फिरते आहे: दोष थर्मोस्टॅट, पंप किंवा आतून तुंबलेला रेडिएटर यांच्याकडे आहे. अवरक्त तापमापक रेडिएटरवरून सरकवताना थंड पट्टे आढळले तर त्या नळ्या बंद आहेत. मात्र चकाकत्या अॅल्युमिनियमवर हे साधन चुकीचे आकडे देते, म्हणून काळ्या रबरावर किंवा रंगवलेल्या भागावर नेम धरावा. कोणी इंजिनाचे फेरे वाढवत असताना खालचा पाइप चपटा होतो का, हेही पाहावे.

थर्मोस्टॅट पाण्यात तापमापकासह गरम करून तपासता येतो. त्यावर कोरलेल्या तापमानाजवळ तो उघडू लागला पाहिजे आणि आणखी १० ते १५ अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. ती घातक आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची दुसरी चकती बायपासची वाट बंद करते आणि तो काढल्यास कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो. परिणामी चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापू शकते.

हेड गॅस्केट आणि त्याची सोंगे

टर्बो डिझेलमध्ये भाराखाली सिलिंडरमधला दाब १०० बारच्याही वर जातो, तर नुसत्या चालू इंजिनात तो बराच कमी असतो. म्हणून हेड गॅस्केटची (हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) सुरुवातीची गळती फक्त चढावर उघडते, आणि कार्यशाळेत उभ्या गाडीत काहीच सापडत नाही. खुणा अशा: चढावर बाटलीतली पातळी वाढून कूलंट बाहेर पडते आणि थंड झाल्यावर पातळी कमी भरते, थंड इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात, तापण्याआधीच, वरचा पाइप कडक होतो, रात्रभर उभ्या गाडीचे झाकण सकाळी सैल करताना दाब सुटल्याचा आवाज येतो. ही शेवटची खूण मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. तेल दुधाळ होणे किंवा पांढरा धूर येणे ही लक्षणे पुष्कळदा फार उशिरा दिसतात.

कूलंटमध्ये धुराचा वायू आहे का हे दाखवणाऱ्या, रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी करताना डिझेलचे वैशिष्ट्य लक्षात घ्यावे. नुसत्या चालू डिझेल इंजिनात हवा फार जास्त व इंधन फार कमी असते, त्यामुळे धुरात कार्बन डायऑक्साइडही कमी असतो आणि चाचणी खोटा दिलासा देते. ती भार देऊन चालवल्यानंतर लगेच, अनुभवी हातांनीच करावी. शिवाय, हेड उघडण्याआधी दोन गोष्टी वगळल्याच पाहिजेत. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटला तर तोही धुराचा वायू कूलंटमध्ये सोडतो किंवा कूलंट पिऊन टाकतो. एअर ब्रेकच्या अवजड गाड्यांत पाण्याने थंड होणाऱ्या कॉम्प्रेसरचे गॅस्केट गेले, तर त्याची दाबाखालची हवा कूलंटमध्ये शिरते. दोन्ही ठिकाणी नळ्या तात्पुरत्या वेगळ्या करून बुडबुडे थांबतात का ते पाहता येते आणि हेड उतरवण्याचा मोठा खर्च वाचू शकतो.

यंत्रणा चांगली, उष्णताच जास्त

वरचे सर्व ठीक निघाले तर इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता का निर्माण करते, हे पाहावे. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रेटत नेल्यास फेरे कमी राहतात आणि पंप व यांत्रिक पंखाही मंद फिरतात. पुष्कळदा एक गिअर खाली घेतल्यानेच तापमान उतरते. काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर, इंटरकूलरचे फाटलेले पाइप आणि वाढवलेला इंधनपुरवठा तपासावा, कारण डिझेलमध्ये हवेच्या मानाने जास्त इंधन म्हणजे जास्त उष्णता. ब्रेक धरून राहणे, क्लच घसरणे, तुंबलेला डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारी गाळणी) आणि मर्यादेपेक्षा जास्त भार यांचा परिणामही तोच.

दुरुस्तीनंतर यंत्रणेतील हवा उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने काढावी, कारण अडकलेला बुडबुडा नवा भाग बसवूनही गाडी तापवतो. हेड उतरवले असेल तर गॅस्केट बदलण्यापूर्वी त्याचा सपाटपणा पट्टी व फीलर गेजने मोजून घ्यावा. मग त्याच चढावर, तितक्याच भाराने आणि शक्यतो त्याच गिअरमध्ये गाडी चालवून आधी नोंदवलेल्या आकड्यांशी नवे आकडे ताडून पाहावेत, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पुन्हा तपासावी.