पावसाळ्यात उबंटू अपडेट करताय? या चुका टाळा

मिरग लागला की कोकणात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. होमस्टेच्या काउंटरवरचा किंवा आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारा उबंटूचा (विंडोजऐवजी वापरायच्या मोफत लिनक्स सिस्टीमचा) पीसी बहुतेकदा यूपीएसशिवायच चालतो, आणि नेमका अपडेट चालू असताना बंद पडतो. खरं नुकसान होतं ते मात्र त्यानंतरच्या घाईत.

पुन्हा सुरू केल्यावर 'कुड नॉट गेट लॉक' असं दिसलं की बरेच जण यूट्यूबवर बघून लॉक फाइलच उडवतात. असं करू नका. लॉक म्हणजे दुसरी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला दुसरा प्रोग्राम, पॅकेजचं (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याचं) काम करते आहे. बहुतेक वेळा ते पार्श्वभूमीला चालणारं स्वयंचलित सुरक्षा अपडेटच असतं. दोघांनी एकाच वेळी लिहायला घेतलं तर पॅकेजची नोंदवही बिघडते. चहा घेऊन या, तोवर बहुधा सुटतं. 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' हा संदेश वेगळा: पॅकेज बसवणारा डीपीकेजी हा प्रोग्राम अर्ध्यावर थांबला आहे. तिथे टर्मिनलमध्ये, इंग्रजी अक्षरांत, 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' (sudo dpkg --configure -a), मग 'सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल' (sudo apt -f install) ही आज्ञा द्या. मशीन बूटच होत नसेल तर ग्रबच्या (सुरू होताना दिसणाऱ्या मेनूच्या) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, निवडा. म्हणूनच जागा वाचवायला जुने सगळे कर्नल हाताने काढून टाकणं महागात पडतं.

आपल्याकडे यावर सोपा उपाय आहे: रेंज असेल तेव्हा 'सुडो एपीटी अपडेट' आणि मग 'सुडो एपीटी अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली' करून पॅकेजं नुसती उतरवून ठेवा. लाइट स्थिर असेल तेव्हा साधं अपग्रेड चालवा. उतरवलेल्या पॅकेजांना मग नेट लागत नाही. आणि हो, नुसत्या 'एपीटी अपडेट'ने काहीच बसत नाही, फक्त यादी ताजी होते.

यादी आणतानाच 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' आलं तर आधी घड्याळ बघा. महिनोन्‌महिने बंद असलेल्या पीसीची मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपलेली असते आणि तारीख मागे गेलेली असते.

अपडेट झालं, पण रीस्टार्ट नाही? मग जुनाच कर्नल चालू आहे. 'यूनेम -आर' (uname -r) ही आज्ञा खरं काय ते सांगते.

आता आवृत्ती क्रमांकाचा घोळ. 2014 मध्ये ओपनएसएसएल या नेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड नावाची त्रुटी मूळ प्रकल्पाने 1.0.1जी मध्ये दुरुस्त केली. उबंटू जिच्यावर बेतलेली आहे त्या डेबियनने तीच दुरुस्ती आपल्या 1.0.1ई मध्ये बसवली. वरवर आकडा जुनाच, शेवटचा छोटा जोडक्रमांक तेवढा बदलला. तो न बघता 'हे जुनं दिसतंय' म्हणून कुठून तरी ताजं पॅकेज आणू नका. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 5.6.0 आणि 5.6.1 या त्या वेळच्या ताज्या आवृत्त्यांतच चोरदरवाजा सापडला. डेबियनची स्टेबल (स्थिर) आवृत्ती वापरणारे त्यातून सुटले, कारण त्यांच्याकडे जुनी होती.

पण आख्खी सिस्टीमच मुदतीबाहेर गेली असेल, तर जुनेपणाचं कौतुक नको. उबंटू 20.04 चा नेहमीचा पाच वर्षांचा आधार मे 2025 मध्ये संपला. तरी 'सगळं अद्ययावत' असं दिसू शकतं, कारण मुख्य पॅकेजांसाठी नवीन काही येतच नाही. उबंटू प्रो ही वाढीव आधाराची सेवा वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत मोफत आहे, तेवढी मुदतवाढ मिळते. तेवढ्यात बॅकअप घेऊन 22.04 वर जाणं उरका, आणि ते काम मात्र पावसाळा सरल्यावरच काढा.