बिल झिरो आलं तरी मीटर बघा की

गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची घरच्या फुकट लाईटची योजना, चालू झाल्यापासून आमच्या बेळगावच्या वडगावात मीटरकडं कोण बघतच नाही. बिल झिरो, मग फॅन चालू ठेवून बाजारात गेलं तरी काय बिघडतंय! पण फुकट म्हणजे सरसकट २०० युनिट नाहीत ओ. २०२२-२३ मधला तुमचा सरासरी वापर आणि त्यावर १० टक्के (वापर ४८ युनिटच्या आत असला तर १० युनिट), एवढंच फुकट. त्याच्या वर गेलात पण २०० च्या आत राहिलात तर वरच्या युनिटचे पैसे, आणि २०० पार झालं की सगळ्याच युनिटचं बिल. गेल्या एप्रिलात आमचं २०७ झालं. सात युनिटपायी अख्खं बिल भरलं आणि आई महिनाभर ऐकवत होती. त्यानंतर घरात जे जे केलं ते सांगतो.

रात्री जेवणं झाली की सगळं बंद करा, फ्रिजचा प्लग पण काढा, आणि मीटरवरचा बारका लाल दिवा बघत बसा. १ युनिटला तो किती वेळा लुकलुकणार ते मीटरवरच छापलेलं असतं, आमच्यावर ३२०० आहे. सगळं बंद करून पण लुकलुकतोय म्हणजे कुठंतरी करंट जातोय, आमच्यात सेट-टॉप बॉक्स आणि जुना इन्व्हर्टर सापडला. मग एकेक वस्तू चालू करून मिनिटभर मोजायचं. जुना ७५ वॅटचा फॅन मिनिटाला चार वेळा, नवीन बीएलडीसी फॅन (कमी लाईट खाणाऱ्या मोटरचा) तीस वॅटच्या आसपास म्हणजे दीडेक वेळा. आणि गीझर लावला तर मोजताच येत नाही, नुसता थरथरतो, शंभराच्या वर जातो.

म्हणून आधी फॅन बदला. दिवसाला दहा तास चालणारा एक फॅन बदलला की महिन्याला साधारण १३ युनिट वाचतात, तीन बदलले की चाळीस. अडीच-तीन हजाराला एक पडतो, सगळे एकदम घ्यायची गरज नाही, ज्या खोलीत जास्त वेळ चालतोय तिथला पहिला. बल्ब तर एव्हाना सगळ्यांनी एलईडी लावलेतच. फ्रिजच्या दारात नोट धरून दार लावा, सहज ओढून निघाली तर रबर गेलंय.

गीझर २००० वॅटचा, अर्धा तास चालला की १ युनिट. डिसेंबरात आमच्याकडं थंडी कशी पडते ते सांगायला नको, पण सकाळी उठल्या उठल्या लावून तासभर विसरायचं नाही. माझ्या मते सोलर हीटरच बरा, फक्त बोअरचं जड पाणी असलं तर आत खार बसतो ते आधी बघा. पावसाळ्यात ऊनच नसतं तेव्हा आमचा तांब्याचा बंब अजून कामाला येतो, करवंट्या आणि चिपाडं घातली की झालं. धूर होतोय, ते खरं.

आता पाणी. नळ आला की काल भरलेलं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतायचं, ही सवय आमच्याकडं घरोघरी. अहो, पाणी धरणात महिनोनमहिने असतं, ते एका रात्रीत शिळं कसं होईल? झाकून ठेवलं की झालं. अगदीच मन मानत नसलं तर झाडांना घाला, पायऱ्या धुवा. टाकी भरून वाहायला लागली की पाणी पण जातं आणि मोटरची लाईट पण, म्हणून टाकीत फ्लोट स्विच बसवा, टाकी भरली की तो मोटर आपोआप बंद करतो. संडासच्या फ्लश टाकीत थोडा जिलेबीचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात रंग दिसला की वॉशर गेला. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर घालवतो.

खरी गोष्ट पावसाची. १ मिमी पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर पाणी. पाचशे चौरस फुटाचं छप्पर म्हणजे ४६ चौरस मीटर, आमच्याकडं हंगामात १००० मिमी तर धरूनच चाला, वाया जाणारं सोडलं तरी पस्तीस हजार लिटरच्या वर. आणि ते आपण गटारात सोडतोय! १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खास विहीर खणली होती, आमच्या जुन्या घरांच्या परड्यात पण आड आहेतच, बरेचसे कचऱ्यानं भरलेत. आमचा आड गाळ काढून घेतला, कौलांच्या पन्हळीला पाईप जोडला आणि मधे एक ड्रम ठेवला, खाली मोठे दगड, वर खडी, त्याच्यावर वाळू. पहिल्या दोन-तीन पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, कौलांवर पाखरांची घाण आणि पाला असतो. हे पाणी आम्ही धुण्याभांड्याला वापरतो, प्यायला नाही. आडावर जाळी टाकायला तेवढं विसरू नका, आमच्यात एकदा शेजारचं मांजर पडलं होतं.